मास्तरांनी तीनदा विचारलं

अख्ख्या वऱ्हाडात आमच्या भाडेकरू मास्तरांइतका भित्रा माणूस दुसरा झाला नाही, आणि कोणी होऊ घातला असेल तर त्यानं आधी आमच्या मास्तरांकडं चार महिने शिकवणी लावावी. माणसं सापाला भितात. मास्तर सापाच्या चित्राला भीत. पुस्तकात नागाचं चित्र होतं त्या पानावर त्यांनी पुठ्ठा चिकटवून टाकला होता आणि तो धडा ते पोरांना तोंडपाठ शिकवत. विजेचं बटण त्यांनी जन्मात बोटानं दाबलं नाही. माझं लाटणं मागून नेत, डोळे मिटत, आणि हातभर लांबून लाटण्याच्या टोकानं बटण ढोसत. दिवा लागला की लाटणं विसळून परत आणून देत. "धुता कशाले, मास्तर?" मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "करंट चिकटला असंन त्याले, वहिनी. घरात लेकरं आहेत." सायकल होती त्यांच्याकडं, चांगली हिरवी, घंटीवाली. पण उतार लागला की ब्रेकचं भेव म्हणून ते उतरत, चढ लागला की छातीचं भेव म्हणून उतरत, आणि सपाटीला समोरून एसटी आली तर काय घ्या म्हणून उतरत. पिंपळगाव राजाहून आमच्या गावापर्यंत ते आणि त्यांची सायकल शेजारी शेजारी चालत यायचे, नवरा-बायको बाजार करून यावेत तसे.

ते मूळचे जळगाव जामोदकडचे. बायको, लेकरं, म्हातारे आईबाप तिकडं शेतीवर, आणि हे आमच्या ओसरीवरच्या खोलीत एकटे. जेवण आमच्याकडंच. दोन वेळची भाकर मी ताटात वाढून न्यायची आणि त्यांनी ती खाण्याआधी उजेडाकडं धरून पाहायची. खडा असेल, केस असेल, काय सांगावं. पाहायची तीही तीनदा. तीनदा हा त्यांचा आकडा होता. कुलूप लावलं की कडुनिंबापर्यंत जायचे, परत यायचे, ओढून पाहायचे. पुन्हा निंबापर्यंत, पुन्हा परत. शाळेत हजेरी तीनदा घ्यायचे. "एकदा केलेलं काम चुकीचं असू शकते, दुसऱ्यांदा केलेलं घाईचं असते," ते सांगायचे, "तिसऱ्यांदा माणूस खरं पाहते, वहिनी." मी हसायचे. माझी सासू मात्र हसायची नाही. ती म्हणायची, "हसू नको व. भेणाऱ्या माणसाच्या हातून दूध उतू जात नाही."

आता त्या वेळच्या माझ्याबद्दल सांगते, म्हणजे मास्तरांवर अन्याय होणार नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वीची मी म्हणजे पदर खोचलेला फटाका. माहेर दुसरबीडचं, त्यामुळं बोलणं थोडं मराठवाड्याकडं झुकलेलं, आणि सासरी कोणी त्याला हसलं की मी आवाज आणखी चढवायची. बचत गटाची अध्यक्ष मी, हळदीकुंकवाची यादी करणार मी, कोणाच्या सुनेला कोणता डॉक्टर ते ठरवणार मी. मला वाटायचं गाव माझ्या शहाणपणावर चाललंय. गाव माझ्या आवाजाला कंटाळून हो म्हणत होतं, हे कळायला मला चष्मा लागावा लागला. आणि वय म्हणाल तर मी एकोणचाळीस वर्षांची होते. सलग चार वर्षं एकोणचाळीसच होते. चाळीस या शब्दाची मला अशी काही दहशत बसली होती की मास्तरांचा साप आणि माझी चाळिशी, दोन्हींत डावंउजवं करता येऊ नये. खरं वय त्रेचाळीस होतं, आणि ते सासरच्या गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. बँकेत गटाचं खातं उघडायचं तेव्हा मास्तरांनी माझा फॉर्म भरून दिला. त्यासाठी दुसरबीडच्या शाळेचा दाखला त्यांच्यासमोर ठेवावा लागला. मास्तरांनी दाखला पाहिला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा दाखला पाहिला, आणि हळूच तो उलटा करून ठेवला. तिसऱ्यांदा पाहिलं नाही. त्यांच्या आयुष्यातली ती एकमेव गोष्ट असेल जी त्यांनी दोनदाच पाहिली.

पण मास्तरांच्या साऱ्या भीतींचा पाटील म्हणजे तहसीलचा लिफाफा. निवडणूक कुठलीही असो, दिल्लीची, मुंबईची का शेजारच्या ग्रामपंचायतीची, मास्तरांना केंद्राध्यक्ष नेमल्याचा हुकूम यायचाच. लिफाफा आला की ते उठून उभे राहत, जणू आत तहसीलदार घडी घालून बसलेत. अंघोळ केल्याशिवाय फोडत नसत. मग चार दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. निघायच्या सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे, हातात लिहिलेला कागद. "वहिनी, परत आलो नाही तर सायकल शाळेले. घड्याळ धाकट्याले. दोन नवी धोतरं ट्रंकेत आहेत, ती बाबाले. तुमचं लाटणं खिडकीत ठेवलं आहे." मी म्हणायची, "मास्तर, मतदान घ्यायले चालले ना तुम्ही? का लढाईले?" ते म्हणायचे, "लढाईत शत्रू समोर तरी असते, वहिनी. इथं रांगेत कोण कोणाचं आहे समजत नाही." आणि दुसऱ्या संध्याकाळी परत यायचे, तोंड उतरलेलं, बोटं शाईनं जांभळी, पायात चपला कोणाच्या तरी दुसऱ्याच. पण कागदात चूक नाही. एवढ्या वर्षांत एक सही इकडची तिकडं नाही.

अशाच एका परतीच्या संध्याकाळी मी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते आणि मास्तर पाण्याचा तिसरा पेला पीत होते. मी म्हणाले, "मास्तर, मले हे समजत नाही. सरपंच गाव निवडते, मेंबर गाव निवडते. मंग मतं घेणारा, मोजणारा वरून नेमलेला काऊन पाह्यजे? तोही गावानंच निवडावा ना. गावाचा माणूस, गावाले ओळखणारा."

मास्तरांनी पेला खाली ठेवला. "नेमलेल्या माणसाले एका साहेबाचं भेव असते, वहिनी. निवडलेल्या माणसाले अख्ख्या गावाचं. मले एक साहेब कसाबसा झेपते. गाव नाही झेपत."

"म्हणजे तुम्ही माणसाचं भेवच मोजता का?"

"दुसरं काय मोजणार? मतं तर कोणीही मोजते. मोजणारा कोणाले भेते, ते आधी पाहा."

"गावातला माणूस आपल्याले ओळखते तरी."

"तेच तर भेव आहे," मास्तर म्हणाले, आणि कुलूप पाहायला उठून गेले.

मला ते अगदी पुचाट उत्तर वाटलं. मी मनात म्हटलं, अशा माणसांमुळंच देश मागं आहे. आणि देशाला पुढं नेण्याची संधी मला पुढच्याच उन्हाळ्यात मिळाली.

आमच्या गावाची दोन वेटाळं, म्हणजे वस्त्या, वरचं आणि खालचं. नळयोजना आली तेव्हा टाकीचं पाणी खालच्या वेटाळाला धो धो, आणि आमच्या वरच्या वेटाळाला नळातून नुसती शिट्टी वाजायची. त्यामुळं पाणी समितीची अध्यक्ष कोण, म्हणजे व्हॉल्व्हची चावी कोणाच्या हातात, यावर डोकी फुटायची वेळ आली होती. अध्यक्ष बाई असावी एवढं ठरलं. खालच्या वेटाळातून देवकाबाई उभी राहिली. शांत बाई, बोलली तर कामाचं बोलणारी, आणि म्हणूनच मला न आवडणारी. वरच्या वेटाळातून अर्थात मी. मत चुलीमागं एक, आणि ते घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईनं द्यायचं, असंही ग्रामसभेत ठरलं. आता मतं घेणार कोण? सरपंच म्हणाले, "तालुक्याहून एक साहेब मागवू. ते लोक कोणाचे नाहीत."

मी उठलेच. "साहेब कशाले? त्याले आमच्या चुली माहीत आहेत का? त्यानं कधी आमची घागर उचलली का? आमचा अधिकारी आम्ही निवडू!" टाळ्या पडल्या. उमेदवारही मीच, अधिकारी कसा असावा हे सांगणारीही मीच, यात काही वावगं आहे असं त्या वेळी मला वाटलं नाही. पळणाऱ्या बाईनंच शर्यतीची रेघ आखावी तसलं ते. पण सभा पेटली होती. एक नाव निघालं, तर खालून आवाज आला, "तो वरच्यांचा साडू हाय!" दुसरं निघालं, तर वरून, "त्याची म्हैस देवकाबाईच्या वावरात चरते!" अर्धा-पाऊण तास एकेका सज्जन माणसाची सोयरीक उकलली गेली. शेवटी मागून कोणीतरी हसत म्हणालं, "मास्तराले करा बे! ते कोणाचेच नाहीत. ते तर सायकलवरही बसत नाहीत!" सगळी सभा खो खो हसली, आणि हसता हसता सगळे हात वर गेले.

मास्तर त्या दिवशी तालुक्याला बैठकीला गेले होते. संध्याकाळी सायकल ढकलत येत होते तर लोकांनी त्यांना पारापाशीच अडवलं. "अभिनंदन, मास्तर! निवडणूक अधिकारी झाले तुम्ही!"

"कोणी नेमलं?" मास्तरांनी विचारलं.

"नेमलं नाही, निवडून आले तुम्ही. बिनविरोध!"

मास्तरांनी सायकल आडवी केली आणि तिच्या शेजारी रस्त्यातच बसले. घरी आले ते थेट माझ्यासमोर. "वहिनी," ते म्हणाले, "कोणत्या जन्माचा राग काढला माह्यावर?" मी हसून त्यांना चहा दिला. मला काय, घरचाच अधिकारी मिळाला होता. माझ्याच चुलीवर जेवणारा, माझ्या आवाजाला भिणारा. खोटं कशाला बोलू, हा विचार माझ्या मनात आला होता. आला आणि चांगला पाय पसरून बसला.

पुढचे पंधरा दिवस मास्तरांनी जे केलं ते पाहून गावाची करमणूक झाली. त्यांनी सात नियम लिहिले, तीन प्रतींत, आणि ते गावात तीन ठिकाणी तीन तीनदा वाचून दाखवले. वाचताना कागद असा थरथरायचा की मागच्या माणसाला वारा लागावा. चिन्हं दोन: माझी घागर, देवकाबाईची बादली. आवडीच्या चिन्हावर पेन्सिलीनं फुली मारायची. फुलीशिवाय दुसरी कसलीही खूण केली तर मत बाद. सहावा नियम होता, मतं समसमान पडली तर दोघींतली वयानं मोठी ती अध्यक्ष, आणि वय उमेदवारानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. "हे कशाले, मास्तर?" मी हसले. "समसमान यायले आम्ही काय जुळ्या आहोत?" देवकाबाई हसली नाही. तिनं नियम ऐकून घेतला आणि मान हलवली. मतपेटी म्हणून गोडेतेलाचा रिकामा डबा आणला, त्याला वरून फट पाडली, आणि तो रिकामा आहे हे दोन्ही उमेदवारांना दाखवायचं म्हणून मास्तरांनी स्वतः त्यात वाकून तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा चष्मा आत पडला.

मतदान शाळेत झालं. फळा आडोशाला उभा करून त्याच्यामागं पेन्सिल दोरीनं बांधून ठेवली होती. बायका एकेक करून जायच्या, पदर सावरून यायच्या. आमच्या घरचं मत अर्थात सासूबाईंचं. माझी सासू नटूनथटून गेली, फळ्याआड बराच वेळ थांबली, आणि बाहेर आली ती देवळातून यावी तशी हात जोडत. मी मनात म्हटलं, एक तरी मत पक्कं.

दुपारी मोजणी सुरू झाली. उन्हानं पत्रे तापले होते, आणि शाळेच्या दोन्ही खिडक्यांच्या गजांत माणसांची तोंडं अशी अडकली होती की आत वारा येईना. आत मास्तर, देवकाबाई, मी आणि दोन्ही बाजूंचे दोन दोन पंच. मास्तर एकेक चिठ्ठी उलगडत, चिठ्ठी उजेडाकडं धरत, भाकरीसारखी, आणि सांगत: घागर. बादली. बादली. घागर. सुरुवातीला बाहेर हसणं होतं. पन्नाशीच्या पुढं हसणं थांबलं. सत्तरीनंतर कोणी खोकलंसुद्धा नाही. अठ्ठ्याऐंशी घागरी झाल्या, अठ्ठ्याऐंशी बादल्या झाल्या, आणि डब्याच्या तळाशी एक घडी उरली.

मास्तरांनी ती उलगडली. फुली नव्हती. घागरीच्या चित्रावर बोटभर, ठसठशीत, लालभडक कुंकू लावलेलं होतं, आणि वर हळदीचा एक ठिपका.

कोणी काही बोलायच्या आत खिडकीतून माझ्या सासूचा आवाज आला, "ते माझं हाय! नवीन पाण्याचं काम, कुंकवाशिवाय सुरू करता का?"

आणि मग गोंधळ सुरू झाला. वरचं वेटाळ ओरडू लागलं, "घागरच हाय! मान्य करा!" खालचं वेटाळ ओरडू लागलं, "फुली नाही, बाद करा!" दारावर लाथा बसायला लागल्या. पत्र्यावर एक दगड आला, गडगडत खाली गेला, मग दुसरा आला. दाराच्या कडीचा खिळा हलताना मला दिसत होता. ही माणसं कोण होती? रोज मला वहिनी म्हणणारी, माझ्याकडून विरजण नेणारी. त्यांची तोंडं गजाआडून ओळखू येईनात. मास्तर खुर्चीत असे बसले होते की त्यांच्याबरोबर खुर्ची थरथरत होती. हातातली चिठ्ठी पत्रावळीसारखी वाजत होती. कपाळाचा घाम चष्म्यावर गळत होता. त्या क्षणी मला त्यांची कीव यायला हवी होती. पण मला फक्त एक गोष्ट दिसली, की हा माणूस भ्यायलाय आणि थोडं जास्त भ्यायला तर मी जिंकते.

मी टेबलावर वाकले आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर, सकाळची भाकर कोणाच्या चुलीवरची खाल्ली?"

मास्तरांनी मान वर केली. मला वाटलं होतं ते नजर चुकवतील. चुकवली नाही. पोरानं चोरी केलेली पाहून मास्तर आधी रागावतो, हे तसं नव्हतं. हे त्या रागाच्या पुढचं, वाईट वाटण्याचं होतं. "तुमच्या, वहिनी," ते म्हणाले. मग उभे राहिले. टेबल धरलं. आणि जन्मात न काढलेल्या आवाजात, चिरक्या, फुटक्या, पण शेवटच्या खिडकीपर्यंत पोचणाऱ्या आवाजात ओरडले, "हे मत बाद!" एकदा ओरडले, दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा बाहेर शांत झालं होतं. भित्रा माणूस ओरडला की लोक दचकतात.

"समसमान," मास्तर म्हणाले. "नियम सहा. देवकाबाई, तुमचं वय सांगा."

"एक्केचाळीस," देवकाबाई म्हणाली. जसं वय सांगतात तसं सांगितलं, काही लपवण्यासारखं असतं हे तिला माहीतच नसल्यासारखं.

"वहिनी, तुमचं?"

"एकोणचाळीस," माझ्या तोंडून सवयीनं गेलं.

मास्तरांनी लिहिलं नाही. "वहिनी, नक्की सांगा."

"एकोणचाळीस म्हटलं ना!"

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. पत्र्यावर आणखी एक दगड आला, ते दचकले, पण थांबले. "घाई नका करू, वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही जे सांगसान तेच मी लिहीन. वय किती?"

तेव्हा मला कळलं. हातातून पेला सुटल्यावर कळतं तसं, आधी बोटांना. तो दाखला त्यांनी पाहिला होता. नियम होता की उमेदवारानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. ते स्वतः सांगू शकत नव्हते. फक्त विचारू शकत होते, आणि विचारत होते. 'त्रेचाळीस' एवढा एक शब्द, आणि व्हॉल्व्हची चावी माझ्या हातात. पण दोन्ही खिडक्यांत अख्खं गाव होतं. समोर देवकाबाई होती. त्रेचाळीस म्हटलं असतं तर गाव सात पिढ्या हसलं असतं, चार वर्षांचा हिशेब मागितला असता. मी, जी कोणाला भीत नाही असं गावभर सांगत फिरायची, ती मी चार वर्षांना भ्याले.

"एकोणचाळीस," मी म्हणाले.

मास्तरांनी लिहिलं. लिहिताना त्यांचा हात थरथरला नाही.

बाहेर खालचं वेटाळ नाचायला लागलं आणि आमच्याकडचे लोक दात ओठ खात दारात उभे राहिले. मास्तरांना खुर्चीतून उठताच येईना. एका बाजूनं देवकाबाईनं धरलं, दुसऱ्या बाजूनं माझ्या सासूनं, आणि दोघींच्या मध्ये त्यांना चालवत त्या गर्दीतून घरी आणलं. म्हातारीकडं पाहून कोणी हात उचलला नाही. मी कुठं होते? मी पुढं, तरातरा, एकटी. मागं वळून पाहायचं मला भेव वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी मास्तरांची भाकर बंद केली. ओसरीवरच्या खोलीतून जळक्या डाळीचा वास यायला लागला. रॉकेलच्या स्टोव्हची त्यांना एवढी भीती की डाळ शिजेपर्यंत ते अंगणात उभे राहायचे. तीन-चार दिवस मी तो वास सूड म्हणून घेतला. मग एके सकाळी सासूबाईंनी स्वतः भाकऱ्या थापल्या, पिठल्याचा वाडगा घेतला आणि ओसरीवर गेल्या. त्यांचा आवाज मला आत ऐकू आला: "माझं मत बाद केलं मास्तर, ते केलं. भाकर तर बाद नाही ना?" मास्तर काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. पण बऱ्याच दिवसांनी लाटणं मागायला आले. मी दिलं. धुऊन परत आलं.

पाणी आलं, बरं का. देवकाबाईनं वरच्या वेटाळाला आधी पाणी सोडायचा नियम केला, कारण वर चढायला पाण्याला वेळ लागतो हे तिला सांगावं लागलं नाही. माझ्या हातानं सुटलं असतं तर मला जास्त गोड लागलं असतं, एवढंच. पुढच्या वर्षी मास्तरांची बदली त्यांच्या गावाकडं झाली. निघताना रिकाम्या खोलीला कुलूप लावून निंबापर्यंत तीनदा गेले, तीनदा परत आले. मग किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "वहिनी, शाळेचा दाखला जपून ठेवा. कामी येते." मला पुन्हा राग आला. आणि त्या रागातच मी त्यांच्या पिशवीत आठ भाकऱ्या कोंबल्या.

तालुक्याहून साहेब आला असता तर काय झालं असतं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. नातवंडं झोपाळ्यावर असतात आणि मला दुसरा उद्योग नसतो. नेमलेला साहेब माझ्या भाकरीचा मिंधा नसता; मी त्याला काय घाबरवणार होते? मास्तरांचंच खरं होतं म्हणायचं. पण मग वाटतं, साहेबानं वय एकदा विचारलं असतं, एकदाच लिहिलं असतं आणि जीप चालू केली असती. तीनदा विचारणारा माणूस गावानं निवडलेला होता. इथं माझी गाडी अडते, ती अजून पुढं गेलेली नाही.

दर दिवाळीला मास्तरांचं पोस्टकार्ड यायचं. मजकूर ठरलेला: सर्वांस नमस्कार, गॅसचं बटण रात्री तीनदा पाहावे, लेकरांना फटाक्यांपासून दूर ठेवावे. सासूबाई गेल्या तेव्हा एक कार्ड मधेच आलं होतं. त्यात फक्त 'त्यांच्या भाकरीचा विसर नाही' एवढंच होतं, आणि शाई एका जागी फुटलेली. गेल्या दोन दिवाळ्या कार्ड आलं नाही. त्यांच्या मुलाचा फोन नंबर माझ्या मुलाकडं आहे. मी मागत नाही. मला भेव वाटते.

परवा मतदार याद्या तपासायला एक पोरगी दारात आली, शाळेवरची नवीन मास्तरीण. उन्हात फिरून बिचारीचा चेहरा लाल झालेला. यादीवर बोट ठेवून म्हणाली, "आजी, वय एकसष्ट आहे ना?"

"हाव," मी म्हणाले. ते सवयीनं गेलं.

ती खूण करून पुढं निघाली. तिनं पुन्हा विचारलं नाही, बिचारीला अजून चाळीस घरं होती. दुसऱ्यांदा मीच मला विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तोवर ती फाटकाशी पोचली होती. "अव बाई, थांब व!" मी ओरडले. आत जाऊन ट्रंकेतून दाखला काढला. कागद घडीवर फाटलाय, पण दुसरबीडच्या शाळेचा शिक्का वाचता येतो. तिच्या हातात देऊन म्हणाले, "पासष्ट लिही. आणि हे पाहा, नीट पाहा, तीनदा पाहा."

पोरगी हसली. माझी सूनही आतून हसली. गाव काही सात पिढ्या हसलं नाही. एवढ्या उशिरा कोणाला पडलंय?

संध्याकाळी पोस्टकार्ड लिहिलं: 'मास्तर, वय सांगितलं. खरं.' पत्ता तीनदा तपासला. कार्ड देवाच्या फळीवर ठेवलंय. रोज उद्या टाकीन म्हणते. टाकायला काही नाही हो, पेटी समोरच्या चौकातच आहे. पण ते परत आलं तर?